बारा ते एकचं मौन

'पुढे वाच' अशी हाताने खूण करून ह्यांनी त्याच हाताने रश्श्याच्या पातेल्याकडे बोट दाखवलं. मी पुस्तक डाव्या हातात धरलं, उजव्या हाताने मटणाचे दोन तुकडे वाढले आणि पुढे वाचू लागले. वाळवंटातला कोणी एक साधू चाळीस दिवस पाच खजुरांवर राहिला होता. सहाव्या खजुराची नुसती इच्छा झाली म्हणून तो ढसाढसा रडला. ह्यांनी डोळे मिटून मान हलवली आणि नळी चोखली.

हे म्हणजे माझे यजमान, शांतवन कसोटे, मिशनच्या प्राथमिक शाळेचे मुख्याध्यापक. गाव नगर जिल्ह्यातलं, तालुक्याचं. साल त्र्याण्णव, महिना मे, शाळेला सुट्टी. एप्रिलअखेर मिशनने सगळ्या मुख्याध्यापकांना तीन दिवसांच्या मौन शिबिराला डोंगरातल्या एका आश्रमात पाठवलं होतं. हे गेले ते कुरकुरत, कारण आश्रम रोमन कॅथलिक साधूंचा आणि आम्ही पक्के प्रोटेस्टंट. आले ते पाय न वाजवता. बॅग माझ्या हातात देताना हळू आवाजात 'शांती असो' म्हणाले. सव्वीस वर्षांच्या संसारात ह्यांचा हळू आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते. घसा बसला असेल म्हणून मी हळदीचं दूध गरम करायला ठेवलं.

घसा बसला नव्हता. आमच्या घराचा मठ व्हायचा होता.

तिथल्या म्हाताऱ्या साधूने म्हणे सांगितलं होतं, की संसारी माणसाने रोज पाच मिनिटांपासून सुरुवात करावी. पण थोडक्यात आवरणं ह्यांच्या स्वभावातच नाही. दुसऱ्या दिवशी चित्रकलेच्या मोठ्या कागदावर बारा कलमांची नियमावली तयार झाली, महत्त्वाच्या शब्दांखाली लाल शाईच्या रेघा आल्या आणि ती दिनदर्शिकेच्या शेजारी खिळ्याला लागली. पहाटे साडेचारला घंटा. दिवसातून सात वेळा प्रार्थना. जेवताना मौन, आणि जेवणाऱ्यांसाठी एकाने मोठ्याने वाचन करायचं. घरात माणसं दोन, त्यामुळे जेवणारे हे आणि वाचणारी मी. माझ्या जेवणाच्या वेळी वाचायला कोणी नसे, मठाधिपती वामकुक्षी घेत असत. अपरिग्रहाच्या कलमाखाली माझी बिडाची शिलाई मशीन महिला मंडळाला गेली. ह्यांचा रेडिओ राहिला, कारण बातम्या ही चैन नव्हे. अंगमेहनतीच्या कलमाखाली ह्यांनी परसात वांग्याचे दोन वाफे खणले, हाताला फोड आला, आणि तिसऱ्या वाफ्यापासून मी खणायचं आणि ह्यांनी स्तोत्र म्हणायचं असं ठरलं.

शिवाय दुपारी बारा ते एक कडक मौन. कडक म्हणजे घराला आग लागली तरी तोंड उघडायचं नाही. अगदीच अडलं तर शाळेतून आणलेली एक पाटी आणि खडू व्हरांड्यातल्या आरामखुर्चीशेजारी ठेवलेले असत. बाराला हे घंटा वाजवत आणि एकला परत वाजवत. पाळकसाहेब एकदा भर साडेबाराला आले, तर ह्यांनी पाटीवर 'मौन आहे' लिहून त्यांच्यासमोर धरलं आणि परत डोळे मिटले. पाळकसाहेब बिचारे घंटेची तक्रार घेऊन आले होते. कसोटे रोमन झाले की काय, असं चर्चच्या मंडळीत लोक विचारायला लागले होते. मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, रोमन झाले असते तर फार बरं झालं असतं. पाळकसाहेब चहा न घेताच गेले.

मी तसं का म्हटलं ते सांगायला हवं. आम्हाला एकच मुलगी, एस्तेर. पुण्याला इस्पितळात नर्स होती. तिथल्याच प्रयोगशाळेत काम करणाऱ्या इनास तुस्कानो नावाच्या मुलाशी तिने लग्न केलं. मुलगा वसईचा, शेतकरी घरातला, निर्व्यसनी, आणि रोमन कॅथलिक. लग्न त्यांच्या चर्चमध्ये झालं. आम्ही गेलो नाही, म्हणजे हे गेले नाहीत आणि मला जाऊ दिलं नाही. पंधरा दिवसांनी दोघं पाया पडायला आली. एस्तेरच्या हातात पेढ्यांचा पुडा होता. हे दारात उभे राहिले आणि मिशनच्या सगळ्या कंपाउंडला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "कोण पाहिजे आपल्याला? या घरात मूलबाळ नाही."

एस्तेरने पुडा पायरीवर ठेवला आणि ती वळली. त्या गोष्टीला चौदा महिने झाले होते. तोंडातून निघालेला शब्द मागे घेणं ह्यांना ठाऊक नव्हतं. शाळेत एकदा चुकून भलत्याच मुलाला छडी मारली, तेव्हा खऱ्या गुन्हेगाराला सोडून दिलं होतं, पण चूक कबूल केली नव्हती. असा माणूस रोमन साधूंचं सगळं उचलून घरी आणतो, त्यांची घंटा, त्यांची स्तोत्रं, त्यांचे उपास, फक्त रोमन जावई तेवढा चालत नाही. मला हसावं की रडावं कळत नव्हतं, आणि सात प्रार्थनांमधून रडायला वेळही मिळत नव्हता.

दर गुरुवारी अकरा वाजता कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर एस्तेरचा फोन यायचा. ह्यांना पत्ता नव्हता. मेच्या दुसऱ्या गुरुवारी ती म्हणाली की आठवा लागला आहे, रक्तदाब वर गेला आहे, डॉक्टरांनी कामावर जायला बंदी केली आहे आणि दिवसभर पडून राहायला सांगितलं आहे. सासू लग्नाआधीच वारलेली. इनासच्या पाळ्या. एका खोलीत दिवसभर एकटी.

"पाय एवढे सुजलेत आई, चप्पल चढत नाही," ती म्हणाली. "मला घरी यायचंय."

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही काही मागावी लागणारी गोष्ट नव्हे. ती तिला मागावी लागत होती, आणि द्यायला माझ्या हातात काही नव्हतं. मी फोन ठेवला आणि बूथमधल्या स्टुलावर थोडा वेळ बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. शुक्रवारी संध्याकाळी आमच्या मठात दोषनिवेदन असे. प्रत्येकाने गुडघे टेकून आठवड्यातले आपले दोष स्वतःच्या तोंडाने सांगायचे. ह्यांचे दोष ऐकण्यासारखे असत. 'प्रार्थनेत इतका रमलो की देहभान विसरलो', किंवा 'इतरांच्या आळसाबद्दल मनात नको इतकी दया आली'. मग माझी पाळी. मी वरण करपलं, घंटेला उठायला उशीर झाला, असं काहीबाही सांगत असे आणि मी विसरलेले दोष हे आठवणीने पुरवत. त्या शुक्रवारी मी मुद्दाम सरळ ह्यांच्याकडे बघून बोलले.

"माझा दोष असा, की मला माझ्या मुलीची आठवण येते. तिचा रक्तदाब वाढलाय. तिचे दिवस भरत आलेत आणि ती एकटी आहे. मी चोरून तिच्याशी बोलते."

हे बराच वेळ खाली फरशीकडे बघत राहिले. मला वाटलं, आता आवाज चढेल. चढला असता तरी चाललं असतं, मी तयारीत होते. पण ह्यांनी नुसता घसा खाकरला.

"पुढचा दोष," म्हणाले.

मी उठले आणि स्वयंपाकघरात गेले. त्या दोन शब्दांचा मला जेवढा राग आला तेवढा पायरीवरच्या पेढ्यांच्या दिवशीही आला नव्हता. ओट्याला टेकून मी दारातून दिसणाऱ्या बाहेरच्या खोलीतल्या नियमावलीकडे बघत होते, आणि बघता बघता माझी नजर अकराव्या कलमावर गेली. 'दाराशी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्यास साक्षात ख्रिस्त समजून घरात घ्यावे. घराच्या प्रमुखाने स्वतःच्या हाताने त्याचे पाय धुवावेत.' फळ्यावरचं मुलं जसं न वाचता उतरवून घेतात तसं ह्यांनी आश्रमातलं उतरवून आणलेलं दिसत होतं. खाली लाल रेघही मारली होती.

शनिवारी सकाळी हे कुठेतरी बाहेर गेले तेवढ्यात मी बूथवर जाऊन एस्तेरच्या घरमालकिणीकडे फोन लावला. एस्तेरला म्हटलं, "या आठवड्यात जमेल त्या दिवशी या. पण दुपारी बारा ते एकच्या मधेच दारात पाय ठेवा. त्या वेळी बाबांना बोलायची बंदी असते."

"कोणी घातली?"

"त्यांनीच."

"आणि एक वाजल्यावर?"

"एक वाजेपर्यंत तुझे पाय धुऊन झालेले असतील. धुतलेल्या पायांना कुठल्या तोंडाने बाहेर काढतील?"

"आई, तुला उन्हाळा बाधलाय," एस्तेर म्हणाली. पण इनासशी बोलते, असंही म्हणाली.

ती आली गुरुवारी. बाराची घंटा होऊन वीस मिनिटं झाली होती. हे आरामखुर्चीत डोळे मिटून, पाटी मांडीवर. कंपाउंडच्या फाटकाशी रिक्षा थांबली तेव्हा मी शेंगा सोलत दारात बसले होते. आधी इनास उतरला, मग त्याच्या खांद्याला धरून एस्तेर. चेहरा सुजलेला, पायांत इनासच्या रबरी सपाता. फाटकापासून आमचं दार चाळीस पावलांवर आहे. ती दोनदा थांबली. समोरच्या उजागरेबाई आपल्या खिडकीत आल्या, त्यांच्या शेजारची खिडकी उघडली, आणि सगळं कंपाउंड ह्यांच्या तोंडाकडे बघायला लागलं.

ह्यांनी डोळे उघडले होते. एस्तेर पायरीखाली उभी राहिली, वर चढली नाही. "बाबा," एवढंच म्हणाली. ह्यांची हनुवटी हलली. मी मनात म्हटलं, देवा, ह्यांचं तोंड आणखी चाळीस मिनिटं बंद राहू दे, मग मी जन्मभर साडेचारला उठेन. ह्यांनी खडू उचलला. खडू हातात मोडला, तेव्हा त्याचा तुकडा घेऊन पाटीवर काहीतरी लिहिलं आणि पाटी माझ्याकडे फिरवली.

'परात. कोमट पाणी. पंचा.'

मी शेंगांचं सूप तिथेच टाकून आत धावले.

बाहेरच्या खोलीत दोन खुर्च्या मांडल्या. छप्पन्न वर्षांचा मुख्याध्यापक, ज्याच्यासमोर अर्धा तालुका लहानपणी अंगठे धरून उभा राहिला होता, तो भाकरीच्या परातीसमोर फरशीवर बसला. गुडघे वाजले ते मला ऐकू आले. आधी इनासचे पाय घेतले. इनास बिचारा मोजे काढताना लाजून गेला होता. "आमच्याकडे हे फक्त ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारी करतात," असं तो पुटपुटला. ह्यांनी त्याच्याकडे एक नजर टाकली आणि टाचेवरची धूळ आणखी जोरात घासली.

मग एस्तेरचे. तिचे पाय परातीत मावत नव्हते, एकेक घ्यावा लागला. घोट्याचं हाड दिसेनासं झालं होतं. ह्यांनी पाऊल धरलं तेव्हा अंगठा सुजेत रुतला, आणि अंगठा उचलल्यावरही खळगा तसाच राहिला. तो भरून येईपर्यंत हे त्याच्याकडे बघत बसले. मग हळूच पाणी घातलं. मान वर केली नाही. एस्तेर रडत होती, मी रडत होते, इनास भिंतीवरची नियमावली अगदी लक्षपूर्वक वाचत होता. फक्त मठाधिपतींच्या तोंडातून आवाज नव्हता.

एक वाजला. मी स्वयंपाकघरातून घड्याळाकडे बघत होते. घंटा झाली नाही. एक दहा झाले, दीड झाला. ह्यांनी पाटीवर 'मौन चालू' लिहून ती भिंतीला टेकवून ठेवली आणि पानावर येऊन बसले. त्या दिवशी वाचनाचं पुस्तक इनासच्या हातात दिलं. त्याने वसईच्या हेलात सगळे उच्चार आपल्या पद्धतीने केले, आणि हे एकदाही दुरुस्त करायला गेले नाहीत. संध्याकाळी मी एस्तेरसाठी भाजी फोडणीला टाकली तेव्हा हे मागे येऊन उभे राहिले आणि दुपारपासूनचं पहिलं वाक्य बोलले. "हिच्या भाजीत मीठ घालू नकोस."

मी काय ते समजले. आपल्याच नियमात आपण सापडलो, त्याच्या रुसव्यापायी हा अबोला. मनातून मला असा आनंद झाला की विचारू नका.

जुलैत मुलगा झाला. दोघंही सुखरूप. त्याने पहिल्याच आठवड्यात मठ मोडीत काढला. साडेचारची घंटा तो साडेतीनलाच वाजवायचा, मौनाचं कलम त्याला मान्य नव्हतं आणि सातही प्रार्थनांच्या वेळी त्याचं काहीतरी निघे. बाराव्या दिवशी नियमावलीचा कागद खाली उतरला आणि दुपट्यांच्या खणात अंथरला गेला. ह्यांचा आवाज पूर्वीसारखा झाला. शिलाई मशीन काही परत आली नाही.

पुढे दहा वर्षं मी ती गोष्ट सांगत राहिले. महिला मंडळात सांगितली, लग्नकार्यांत सांगितली, पाळकसाहेब बदलले तेव्हा नव्यांना सांगितली. मठाधिपतींना मी त्यांच्याच अकराव्या कलमात कसं पकडलं, ही माझी हुकमी गोष्ट झाली होती. हे समोर असले तर पेपर डोळ्यांपुढे धरत, आणि मला त्यातच निम्मी मजा येई.

नातवाचा पहिला ख्रिस्तप्रसाद, म्हणजे चर्चमध्ये पहिल्यांदा प्रसाद घ्यायचा विधी, होता तेव्हा आम्ही वसईला गेलो. हे चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसले आणि बाहेर आल्यावर फादरच्या प्रवचनातल्या भाषेच्या सहा चुका सांगितल्या. दुपारी इनासच्या भावाच्या अंगणात पंगतीआधी बायका जमल्या, आणि इनासच्या मावशीने मला ती पाय धुण्याची गोष्ट सांगायला लावली. मी रंगवून सांगितली. सगळ्या हसल्या. इनासही हसला, पण थोड्या वेळाने मला खूण करून आतल्या खोलीत घेऊन गेला.

"आई, मी शब्द दिला होता," तो म्हणाला. "पण दहा वर्षं ऐकतोय, आता राहवत नाही."

त्याने कपाटातल्या बायबलमधून एक निळं आंतर्देशीय पत्र काढून माझ्या हातात ठेवलं. वर इस्पितळाचा पत्ता होता. अक्षर फळ्यावरचं. तारीख त्या शुक्रवारची, ज्या संध्याकाळी मी गुडघे टेकून माझा दोष सांगितला होता.

'चि. इनास यास आशीर्वाद. एस्तेरला बाळंतपणासाठी घेऊन यावे. येताना दुपारी बारा ते एक याच वेळेत यावे. त्या वेळी मी बोलत नाही. इतर वेळी माझ्या तोंडून काय निघेल याची मला खात्री देता येत नाही. मागच्या खेपेस काय निघाले ते तू ऐकलेच आहेस. हे पत्र दोघींनाही दाखवू नये. शां. प. कसोटे.'

मी ते दोनदा वाचलं. इनास म्हणाला, की त्या सोमवारी पत्र आलं तेव्हा एस्तेरने त्याला माझा फोन सांगून झाला होता. दोघांनीही तीच वेळ का सांगितली ते त्याला कळेना. तो आपला दोघांचं ऐकून आला.

तेवढ्यात पंगत मांडली म्हणून हे स्वतःच मोठमोठ्याने हाका मारत आत आले. माझ्या हातात काय आहे ते दिसल्यावर हाक अर्धी राहिली. इनास बाहेर सटकला. मी पत्राची घडी घातली, पण ती नीट पडेना. दहा वर्षांत जिथे जिथे मी ती गोष्ट सांगितली होती, ती सगळी घरं, ते सगळे हसणारे चेहरे मला आठवायला लागले. मला शरम वाटली, आणि ह्यांचा भयंकर रागही आला.

"मला का सांगितलं नाहीत?" मी विचारलं.

ह्यांनी बाहेरच्या अंगणाकडे पाहिलं, मग खाली फरशीकडे पाहिलं.

"तुला इतकं जिंकल्यासारखं वाटत होतं," हे म्हणाले. "म्हटलं, राहू दे."